चौकटी एरियलची तार

भोपाळच्या एखाद्या हौशी विद्यार्थ्याने गच्चीवर एक मीटर लांबी-रुंदीची लाकडी चौकट उभी करावी, तिच्यावर तारेचे पन्नास वेढे द्यावेत आणि तेवढ्या साधनाने सूर्यावरील ज्वालांचा वेध घ्यावा, ही गोष्ट प्रथम ऐकणारास अतिशयोक्तीची वाटेल. परंतु तीत अद्भुत असे काही नाही. तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात विजयनारायणम् येथे भारतीय नौदलाचे ‘आय. एन. एस. कट्टबोम्मन’ हे केंद्र १९९० पासून आहे. पाण्याखालील पाणबुड्यांना संदेश पोहोचविण्यासाठी तेथून १८.२ किलोहर्ट्झ कंप्रतेच्या, म्हणजे सुमारे साडेसोळा किलोमीटर लांबीच्या लहरी सोडण्यात येतात. भोपाळ त्या केंद्राच्या जवळजवळ नीट उत्तरेस, सुमारे १,६५० किलोमीटरांवर आहे. त्यामुळे चौकट दक्षिणोत्तर उभी केली की दिशेचा प्रश्न मिटला. या लहरी दिवसा सुमारे सत्तर किलोमीटर उंचीवरील विद्युत्‌भारित थरावरून परावर्तित होतात. सूर्यावर ज्वाला उसळली की तिचे क्ष-किरण आठ मिनिटांत येऊन त्या थराचे रूप पालटतात, आणि येथील लहरींची तीव्रता एकाएकी चढते वा उतरते. संदेशाचा अर्थ गुप्त असतो, आणि विद्यार्थ्याला तो कळण्याचे कारणही नाही. त्याला हवी तीव्रतेची नोंद.

तारेचा प्रश्न येथे उपस्थित होतो. जाणते लोक बहुधा ‘लिट्झ’ तार सुचवितात. वेगाने आलटणारा प्रवाह तारेच्या गाभ्यातून जाण्याचे टाळतो आणि पृष्ठभागाजवळून वाहतो. गाभ्यातले तांबे फुकट जाते व रोध वाढतो. यावर उपाय असा की, केसासारखे बारीक अनेक पदर घ्यावेत, प्रत्येकावर निराळे इनॅमल असावे, आणि ते अशा रीतीने पिळावेत की प्रत्येक पदराला आत-बाहेर जाण्याची पाळी सारखी मिळावी. हीच युक्ती भोपाळच्या ‘भेल’ कारखान्यातील प्रचंड जलविद्युत् जनित्रांसारख्या यंत्रांत वापरली जाते. तेथील जाड तांब्याचे दांडे अखंड नसतात. परस्परांपासून अलग ठेवलेल्या पट्ट्या जागा बदलत त्यांतून पुढे सरकतात. ही रचना लुडविग रोबेल या अभियंत्याने १९१२ साली काढली.

आता उपाय खरा असला, तरी तो कोठे लागू पडतो हे पाहिले पाहिजे. प्रवाह तांब्यात किती खोलवर शिरतो, हे कंप्रतेवर ठरते. घरातील ५० हर्ट्झच्या विजेसाठी ही खोली सुमारे ९ मिलिमीटर आहे. आकाशवाणीच्या भोपाळ केंद्राचे कार्यक्रम ज्या १,५९३ किलोहर्ट्झवर वर्षानुवर्षे ऐकले गेले, त्या कंप्रतेला ती जेमतेम ०.०५ मिलिमीटर भरते. म्हणूनच जुन्या ट्रान्झिस्टरमधल्या फेराइटच्या कांडीवर रेशमात गुंडाळलेली बहुपदरी तार आढळते. पण १८.२ किलोहर्ट्झला हीच खोली सुमारे अर्धा मिलिमीटर आहे. अर्ध्या-पाऊण मिलिमीटर जाडीच्या साध्या तारेचा गाभाही मग कामास येतो, आणि लिट्झवर खर्चलेल्या पैशांतून जवळजवळ काहीच पदरात पडत नाही.

मोटार-वाइंडिंगच्या दुकानात तोलावर मिळणारी इनॅमलची तार येथे पुरेशी आहे. मात्र ती तांब्याचीच आहे याची खात्री करावी. इनॅमलखाली ॲल्युमिनियमही निघते, आणि त्याचा रोध दीडपटीहून अधिक असतो. हातात घेताच जाणवणारा हलकेपणा त्याचे बिंग फोडतो. घरगुती फिटिंगची बहुपदरी लवचीक तार लिट्झची बहीण समजून घेणारेही भेटतात. तिचे पदर उघडे व परस्परांना चिकटलेले असल्याने ती एका जाड तारेप्रमाणेच वागते.

राहिला जाडीचा प्रश्न. पन्नास वेढ्यांना दोनशे मीटर तार लागते. २६ गेजची घेतली तर तांबे सुमारे तीनशे ग्रॅम आणि रोध २१ ओहम; २२ गेजची घेतली तर तांबे सातशे ग्रॅम आणि रोध ९ ओहम. आवाज मोठा यावा म्हणून जाड तार घेणे व्यर्थ होय, कारण इतक्या खालच्या कंप्रतेवर वातावरणातील विजांचा खडखडाटच तारेच्या दोषांवर मात करतो. जाड तारेचे खरे कारण निराळे आहे. पहाट आणि दुपार यांत तीस अंशांचा फरक पडला तर तांब्याचा रोध सुमारे बारा टक्क्यांनी वाढतो. धारित्र जोडून सुरात आणलेल्या चौकटीतून मिळणारी तीव्रता त्याच मानाने घटते, आणि उन्हाची चढउतार सूर्यज्वालेचे सोंग घेऊन कागदावर उमटते. यास्तव तारेशी एकसरीत उष्णतेने न बदलणारा रोध मुद्दाम घालावा. ९ ओहमाच्या तारेला ३० ओहमाची जोड दिली तर तीच तीस अंशांची चूक तीन टक्क्यांच्या आत येते. २१ ओहमाच्या तारेला १८ ओहम जोडून एकूण तेवढाच रोध केला, तरी ती सहा टक्क्यांच्या वर राहते. कमी रोधाची तार शोधायची आणि मग पदरचा रोध तीत घालायचा, हा उफराटा व्यवहार दुकानदाराला समजावून सांगणे कठीण आहे!

वेढे एकमेकांना खेटून न देता मध्ये तारेच्या जाडीएवढी फट ठेवावी, म्हणजे शेजारच्या वेढ्यांमुळे होणारा व्ययही कमी होतो. सांधा शक्यतो नसावाच. असलाच तर इनॅमल पुरते खरवडून झाळावा. पहिली नोंद डिसेंबर-जानेवारीत घेणे सोयीचे. जून उजाडला की माळव्यावर ढग जमतात, आणि मग दुपारनंतरची रेघ विजांच्या हाती जाते.