लाळ आणि लाळेरे

युनियनचा माणूस लाळेऱ्यावर बोलणार म्हणून काहींना हसू आले असेल. पण आई कामावर जाते तेव्हा मूल शेजारच्या मावशींकडे असते, आणि तिथे अशी पाच-सहा मुले. एकाची लाळ थांबत नाही. लगेच निदान होते: आईचे डोहाळे पुरवले नाहीत! हे साफ खोटे आहे. दात येताना लाळ वाढते. ती गिळण्याची सवय मुलाला दीड-दोन वर्षांपर्यंत हळूहळू लागते. यात आईचा काय दोष?

खरा प्रश्न कातडीचा. ओलीने हनुवटी आणि गळ्याच्या वळ्या लाल होतात. लाळेरे भिजताच बदलावे. तोंड घासू नये, मऊ सुती फडक्याने टिपावे, वर व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. फडके ज्याचे त्याला वेगळे. झोपवताना लाळेरे काढावे. म्हणजे एका मुलाला दिवसाला पाच-सहा लाळेरी. ती घरून द्यावीत. मावशींनी धुण्याचे पैसे मागितले तर घासाघीस करू नये, तीही मजुरीच आहे.

चार वर्षांनंतरही लाळ गळत राहिली तर डॉक्टरांना दाखवावे. पण एकाएकी वाढली, ताप आला, गिळवेना, श्वासाला आवाज येऊ लागला, तर मावशींनी संध्याकाळची वाट पाहू नये. मूल तडक इस्पितळात न्यावे. आईला निरोप वाटेतून धाडावा.