बंदरातील विद्यालय

न्यूयॉर्कच्या बंदरात, मॅनहॅटनच्या दक्षिण टोकासमोरील गव्हर्नर्स बेटावर ‘हार्बर स्कूल’ नावाचे सरकारी विद्यालय आहे. २००३ साली ब्रुकलिनच्या भरवस्तीत निघालेले हे विद्यालय २०१० मध्ये बेटावर आले, आणि सागरविज्ञान मुलांच्या अक्षरशः हाताशी आले. अतिरेकी उपसा व सांडपाणी यांनी या बंदरातील कालवांचे विस्तीर्ण थर पूर्वीच नामशेष केले होते. ते पुन्हा उभे करण्यासाठी उपाहारगृहांतून जमविलेले शिंपले वर्षभर उन्हापावसात राहून शुद्ध झाले, की टाकीतील कालवांची सूक्ष्म अर्भके त्यांवर चिकटतात, आणि पुढे ती बंदरात वसविण्याच्या कार्यात विद्यार्थी स्वहस्ते सहभागी होतात. एक प्रौढ कालव दिवसाकाठी १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकते. हा आकडा पुस्तकातही सापडेल, परंतु या विद्यालयात पाणबुड्याची विद्या शिकलेल्या मुलाला तो गढूळ तळाशीच खऱ्या अर्थाने उमगतो, असे मला निःसंशय वाटते.