धोक्याची घंटा आणि वैमानिकाचा विवेक

(वार्षिक संमेलनातील भाषण)



आजचा आमचा विषय प्रथमदर्शनी आपल्या नित्य व्यवहारापासून दूरचा वाटेल. परंतु विमानप्रवास ही आता मूठभर श्रीमंतांची मिरास राहिलेली नाही. आपल्यापैकी अनेकांची मुलेबाळे विमानाने ये-जा करीत असतात. तेव्हा आकाशात इंजिनाला आग लागल्याची घंटा वाजली आणि ती खोटी असण्याचा संभव असला, तर वैमानिकाने काय करावे, हा प्रश्न आपणां सर्वांच्याच जिव्हाळ्याचा आहे.

घंटा खोटी कशी वाजते, हे प्रथम पाहू. जेट इंजिनाभोवती उष्णता ओळखणारी, बारीक नळीसारखी सूचके बसविलेली असतात. उष्णता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की कॉकपिटमध्ये तांबडा दिवा लागतो व घंटा वाजते. परंतु या सूचकास ज्वाळा दिसत नाही, त्यास केवळ ऊब कळते. इंजिनातील तप्त हवा वाहून नेणारी नळी फुटली तरी इशारा मिळू शकतो. जोडणीत ओल शिरली किंवा तार घासून उघडी पडली, तर काहीच नसतानाही तो मिळण्याचा संभव असतो. म्हणून आधुनिक प्रवासी विमानांत बहुधा प्रत्येक इंजिनास सूचकांचे दोन स्वतंत्र फेरे देतात आणि दोहोंची साक्ष जुळली तरच घंटा वाजते. तथापि शंकेस जागा उरतेच. आणि कॉकपिटमध्ये बसलेल्या वैमानिकास मागे असलेले इंजिन सहसा दिसत नाही.

मग शंका आहे म्हणून थांबावे काय? मुळीच नाही. खोट्या इशाऱ्यावर विश्वास ठेवला, तर एक इंजिन वाया जाते; उरलेल्या इंजिनावर जवळच्या विमानतळावर उतरता यावे, अशाच बेताने विमान बांधलेले असते. खरा इशारा खोटा मानला, तर पंखच जळू लागतो. न्यायासनापुढे संशयाचा फायदा आरोपीस मिळतो. आकाशात तो घंटेस द्यावा लागतो.

आग रोखण्याच्या कृतीत उणीव राहिली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण पाहू. ८ एप्रिल १९६८ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून निघालेल्या बी.ओ.ए.सी.च्या बोइंग ७०७ विमानाचे एक इंजिन उड्डाणानंतर लगेच निकामी झाले व पेटले. इंजिन बिघडल्यावर करावयाची कृती सुरू होती, ती मध्येच सोडून आगीवरील कृती हाती घेण्यात आली. आणि त्या घाईत इंधन तोडणारी मूठ ओढावयाची राहून गेली. विमान चार मिनिटांच्या आत परत उतरले. १२७ पैकी १२२ जण वाचले, पाच जण दगावले. त्यांत प्रवाशांना बाहेर काढता काढता प्राण वेचणारी बार्बरा जेन हॅरिसन ही हवाई सुंदरी होती. तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस देण्यात आला.

परंतु इशारा मानणे म्हणजे घाई करणे नव्हे. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ जे बोइंग ७३७ विमान कोसळले, त्याच्या डाव्या इंजिनाच्या पंख्याचे पाते तुटले होते. वैमानिकांनी बंद केले ते निरोगी उजवे इंजिन. ४७ माणसे मृत्युमुखी पडली. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईहून निघालेल्या ए.टी.आर. ७२ विमानात तर सदोष संकेतामुळेच उजव्या इंजिनाचा जोर नाहीसा झाला आणि बंद करण्यात आले ते चालते डावे इंजिन. तेथे ४३ जण गेले.

म्हणून वैमानिकांस शिकवितात की, प्रथम विमान सांभाळावे. उड्डाण करताना घंटा वाजली तर ती गप्प करावी, पण सुमारे ४०० फूट उंची गाठेपर्यंत इंजिनाच्या दांड्यास हात लावू नये. नंतर एकाने दांड्यावर हात ठेवून इंजिनाचे नाव घ्यावे, दुसऱ्याने पाहून होकार द्यावा, आणि मगच दांडा हलवावा. इंजिनाचा जोर कमी करावा, इंधन तोडावे, मूठ ओढावी. दिवा तरीही जळत राहिला तर अग्निशामक वायूची एक बाटली सोडावी. अर्धा मिनिट वाट पाहून दुसरी. दिवा विझला म्हणजे आग विझलीच, असेही समजू नये. सूचकच जळून गेलेले असू शकते. तेव्हा जवळचा योग्य विमानतळ गाठावा हेच उत्तम.

आता आपल्या वाट्याचे कर्तव्य. असे विमान परत उतरते, तपासणीत आग सापडत नाही, आणि मग कोणाचे लग्न चुकले, कोणाची बैठक बुडाली, म्हणून वैमानिकास भित्रा ठरविण्यात येते. बंधूंनो, हा अन्याय आहे. त्याने निर्णय दिला तो आकाशात, इंजिन उघडून पाहण्याची सोय नसताना. आज आपण त्यास हसलो, तर उद्या खऱ्या आगीत त्याचा हात क्षणभर अडखळेल; आणि तो क्षण कोणाच्या मुलाबाळांच्या वाट्यास येईल, हे कोण सांगणार? खोट्या घंटेवर परतलेल्या वैमानिकाचे आपण आभार मानावेत, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.