खोली अंगाने ओळखावी



बऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात भरलेल्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. तुम्हाला सुचतं कुठून, असं आम्हा गृहसजावटकारांना हमखास विचारतात. माझं उत्तर याच गावात आहे, म्हणून आज बऱ्हाणपूरबद्दलच बोलतो.

शाही किल्ल्यातला हमामखाना तुम्ही बहुतेकांनी पाहिला असेल. छतावरची रंगीत नक्षी बघायची, फोटो काढायचा आणि निघायचं, अशी आपली रीत. पुढच्या वेळी तिथे थोडा वेळ डोळे मिटून उभे राहा. आपलाच शब्द वरून घुमून कानावर येतो. बाहेर तापीकाठचं वैशाखातलं ऊन, आणि जाड भिंतीला तळहात लावला की गारवा. ज्याने ही जागा रचली, त्याने ओल्या पावलांना लागणारा दगड, वाफ, पाण्याचा आवाज यांचा विचार आधी केला आणि नक्षीचा नंतर, असं मला ठामपणे वाटतं.

कुंडी भंडाऱ्यात तर डोळ्यांचं राज्य संपतंच. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी नुसत्या उताराने शहरात आणणारी ही योजना १६१५ च्या सुमाराची, अब्दुल रहीम खानखानांच्या काळातली. २०२४ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. लिफ्टने सुमारे ८० फूट खाली उतरलं की क्षारांच्या थराने पांढऱ्या झालेल्या भिंती, पायाखाली वाहतं पाणी आणि वर उघडणाऱ्या कुंडीच्या तोंडातून येणारा उजेड. एवढासा उजेड, पण ओल्या पांढऱ्या भिंतींवरून परतत तो लांबवर पोचतो. खोलीत दिवा कुठे असावा, हे मी तिथे शिकलो. दिव्यांची संख्या वाढवण्याआधी भिंत उजेड परत देते का, ते बघावं.

फिनलंडचे वास्तुविशारद युहानी पल्लासमा यांनी १९९६ साली ‘द आइज ऑफ द स्किन’ या छोट्या पुस्तकात वास्तुकलेवर डोळ्यांनी मिळवलेल्या वर्चस्वाची कठोर चिकित्सा केली. आज आपण ग्राहकाला मोबाइलवर चित्र दाखवून होकार घेतो, तेव्हा ती चिकित्सा आपल्यालाही लागू पडते. चित्रात घर तापत नाही, घुमत नाही, त्याला वास येत नाही.

बऱ्हाणपूर हे यंत्रमागाचं गाव आहे. इथलं काम आलं की रंगाचं कार्ड मी नंतर उघडतो. आधी विचारतो, माग कोणत्या बाजूला चालतात? रात्रपाळी असते का? आजी दुपारी कुठे लवंडतात? मग मागाच्या बाजूच्या भिंतीला कपड्यांनी भरलेलं कपाट जातं आणि पलंग समोरच्या भिंतीला. आजी जिथे पाठ टेकतात तिथली शहाबादी फरशी मी झाकू देत नाही, मग घरच्यांना चकचकीत टाइल्स कितीही आवडोत.

तरुण मित्रांनो, जुन्या घराचं काम हाती आलं तर पाडापाडीआधी एक दिवस तिथे काढा. लांबी-रुंदीसोबत दुपारचं तापमान, वाऱ्याची वाट, माजघरातला उजेड आणि शेजारचे आवाज लिहून ठेवा. पुढच्या संमेलनाला येताना त्या वह्या घेऊन या. त्यांच्यासाठी एक पूर्ण सत्र ठेवावं, अशी कार्यकारिणीला माझी आग्रहाची विनंती आहे.