घरट्यावरचे मदतनीस

सातभाई हा काही देखणा पक्षी नव्हे. अंगाचा रंग मातकट, आवाज कर्कश, आणि कुंपणाच्या बुडाशी पालापाचोळा उलथीत, सारखा कलकलाट करीत हिंडण्याची सवय. तथापि या सामान्य पक्ष्याच्या अंगी एक असामान्य गुण आहे. घरट्यातील पिलांना चारा भरविण्याचे काम केवळ त्यांचे आईबाप करीत नाहीत. थव्यातील इतर पक्षीही त्यात वाटा उचलतात. १९३५ मध्ये अलेक्झांडर स्कच या अमेरिकन संशोधकांनी मध्य अमेरिकेतील पक्ष्यांच्या अशाच वर्तनाविषयी लेख लिहिला आणि अशा पक्ष्यांना ‘घरट्यावरचे मदतनीस’ असे नाव दिले.

स्कच हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. संग्रहालयांसाठी वनस्पतींचे नमुने गोळा करून ते चरितार्थ चालवीत आणि उरलेला वेळ घरट्यांपुढे बसून काढीत. १९४१ मध्ये त्यांनी कोस्टारिकात शेतजमीन घेतली आणि २००४ मध्ये, शंभरी भरण्यास थोडेच दिवस उरले असता, तेथेच देह ठेवला.

पक्ष्यांना मदतनीस लागतात, तसे पक्ष्यांच्या अभ्यासालाही लागतात. आणि उष्ण कटिबंधात तर त्यांच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. तेथे जातींची संख्या मोठी आणि रान दाट. पक्षी दिसतो थोडा, ऐकू येतो फार. पुष्कळ जातींची मादी एका वेळी दोनच अंडी घालते आणि साप, माकडे इत्यादी भक्षकांमुळे कितीतरी घरटी पिले उडण्यापूर्वीच मोडतात. चारदोन घरट्यांवरून सिद्धान्त मांडता येत नाही. घरटी पुष्कळ शोधावी लागतात आणि पुनःपुन्हा जाऊन पाहावी लागतात. हे काम एका विद्वानाचे नव्हे. अनेक डोळ्यांचे आणि अनेक पायांचे आहे.

आपल्या देशात या सेवेचा कित्ता सालिम अली यांनी घालून दिला. जर्मनीतील शिक्षण आटोपून ते १९३० मध्ये परतले, तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. त्यांनी संस्थानांपुढे एक प्रस्ताव ठेवला : मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्यावा, पक्ष्यांची पाहणी विनावेतन करून देऊ. हैदराबाद संस्थानाची पाहणी अशा रीतीने झाली आणि १९३३ मध्ये त्रावणकोर-कोचीनची. त्या भटकंतीचे फळ १९५३ मध्ये ग्रंथरूपाने लोकांच्या हाती आले. ज्या कामाला पगार नव्हता, त्याचे मोल वीस वर्षांनी दिसले.

पुढे १९५९ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात माकडताप उद्भवला होता. त्याचा विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. तेव्हा उत्तरेकडून येणारे पक्षी अंगावरील गोचिडांबरोबर रोग आणीत असतील काय, अशी शंका निघाली. पक्षी कोठून येतात आणि कोठे जातात, हे कळण्यासाठी त्यांना पकडून, पायात क्रमांकाचे ॲल्युमिनियमचे वाळे घालून सोडून देणे हाच मार्ग होता. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील पॉइंट कॅलिमियर हे या कामाचे एक मोठे ठाणे झाले.

अशा ठाण्यावरील मदतनिसाचा दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. बारीक जाळी उघडावयाची, ठरल्या वेळी फेरी घालावयाची, अडकलेल्या पक्ष्याचे पाय, पंख आणि मान हळुवारपणे सोडवून त्याला कापडी पिशवीत ठेवावयाचे. मग वजन, पंखाची लांबी, पिसांची स्थिती आणि वाळ्यावरील क्रमांक यांची नोंद. वर्णन ऐकताना हे सोपे वाटते. पण एका फेरीला आळस केला, तर चढत्या उन्हात जाळ्यातील पक्षी मरतो. सहाच्या जागी नऊ लिहिला गेला, तर हजारो मैल उडून आलेल्या पक्ष्याचा प्रवास कागदावर कायमचा चुकतो. पहिली चूक जाळ्यात दिसते. दुसरी कोणालाच दिसत नाही. म्हणूनच चुकलेली फेरी ‘चुकली’ म्हणून आणि न घेतलेले माप ‘घेतले नाही’ म्हणून लिहिण्याचे धैर्य, हा मदतनिसाचा पहिला गुण मानावा लागतो.

दुसरा गुण नम्रतेचा. या प्रकल्पात बिहारकडील मीरशिकार जमातीचे पिढीजात पारधी कामाला होते. पक्षी कोठे उतरेल, त्याला इजा न करता कसा पकडावा, हे ज्ञान त्यांच्या हातांत होते. पदवी घेऊन आलेल्या तरुणाला प्रथम त्यांच्याजवळच धडे घ्यावे लागत.

येथे एक भेद मात्र विसरता कामा नये. बिनपगारी सेवा हे ज्याला परवडते त्याचे भूषण आहे. ज्याचे पोट रानातील मजुरीवर आहे, अशा वाटाड्याकडून किंवा पारध्याकडून ‘सेवा’ या नावाखाली फुकट काम घेणे हा अन्यायच होय. तसेच, केवळ खाणेपिणे आणि निवारा घरून सुटतो म्हणून श्रीमंताघरचीच मुले या विद्येत शिरू लागली, तर अनेक चांगले डोळे तिला मुकतील. मदतनिसाला निदान शिधा, निवारा आणि प्रवासखर्च मिळावा, आणि अहवालात त्याचे नाव यावे, ही अपेक्षा वाजवी आहे. सालिम अलींनीही खर्च मागितलाच होता.

सातभाईंच्या घरट्यातील पिलू उडून जाते, तेव्हा त्याला कोणी किती किडे भरविले याचा हिशेब उरत नाही. माणसाच्या विद्येत तो हिशेब ठेवता येतो. आणि ठेवता येतो म्हणूनच तो ठेवला पाहिजे.