अपंगत्व : एक विद्याविषय

एखादा विषय विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात केव्हा येतो, हे पाहणे उद्बोधक असते. शेती माणूस हजारो वर्षे करीत होता; परंतु तिचे महाविद्यालय निघाले तेव्हा शेती हा केवळ कष्टाचा नव्हे, तर विचाराचाही विषय आहे, ही गोष्ट समाजाने मान्य केली. अपंगत्वाच्या वाट्याला ही मान्यता फार उशिरा आली. आंधळा, बहिरा, पांगळा माणूस प्रत्येक गावात होता, प्रत्येक कुळात केव्हा ना केव्हा जन्मला होता. पण त्याचा विचार प्रथम दैवाच्या खात्यात, मग दानधर्माच्या खात्यात आणि पुढे रुग्णालयाच्या खात्यात झाला. ज्ञानाच्या खात्यात त्याची नोंद होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. पदवीनंतर या विषयाचे अध्ययन करणे म्हणजे काय, आणि ते कशासाठी करावे, हा प्रश्न म्हैसूरच्या उदाहरणावरून चांगला उलगडतो.

म्हैसूर विद्यापीठाची स्थापना १९१६ साली झाली. राजर्षी नाल्वडी कृष्णराज वडियार यांचा आश्रय आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांची दृष्टी त्यामागे होती. पुढे विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागांसाठी नवे आवार उभे राहिले. कन्नडचे महाकवी कुवेंपु त्या वेळी कुलगुरू होते. त्यांनीच या आवाराला ‘मानसगंगोत्री’ हे नाव दिले. याच परिसरात १९६५ साली वाणी आणि श्रवण यांच्या दोषांचे अध्ययन व उपचार करणारी अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. १९६६ च्या जुलैमध्ये तिच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते बसवण्यात आली. याच शहरात अर्धशतकापूर्वी त्यांनी तत्त्वज्ञानाचे अध्यापन केले होते.

मुंबईत बहिऱ्या मुलांची पहिली शाळा १८८५ च्या सुमारास निघाली, आणि १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या अॅना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. शिक्षणाची परंपरा अशी जुनी होती. म्हैसूरच्या संस्थेने या प्रश्नाला उच्च अध्ययनाची बैठक दिली.

ही बैठक किती व्यापक असावी लागते, याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. मूल ऐकत नाही म्हणजे नेमके काय होते, हे समजण्यासाठी कानाची रचना ठाऊक हवी आणि ध्वनीचे पदार्थविज्ञानही हवे. त्या मुलाच्या मनावर काय परिणाम होतो, हे मानसशास्त्र सांगते. आणि वाणीचा प्रश्न भाषाशास्त्राविना सुटतच नाही. इंग्रजी मुलांसाठी तयार केलेली चाचणी मराठी मुलाला लावून चालत नाही. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ या दोन शब्दांतील च वेगळे आहेत. ळ आणि ण यांना इंग्रजीत जागाच नाही. म्हणून श्रवणाची परीक्षा घेण्याच्या शब्दयाद्या प्रत्येक भाषेत, तिच्या ध्वनींच्या प्रमाणाचा विचार करून, स्वतंत्रपणे तयार कराव्या लागतात. पक्षाघाताने वाचा गेलेला गृहस्थ घरी मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत इंग्रजी बोलणारा असेल, तर त्याला प्रथम कोणती भाषा परत मिळवून द्यावयाची, हा तर वैद्यकापुढचा आणि भाषाशास्त्रापुढचा एकत्रित प्रश्न आहे.

या संस्थेत आज श्रवणशास्त्र आणि वाग्दोषशास्त्र यांच्या पदवी व पदव्युत्तर परीक्षा आहेत, विशेष शिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत आणि संशोधनाची पदवीही आहे. तेथील पूर्वप्राथमिक वर्गांत मुलाबरोबर त्याच्या आईलाही शिकवले जाते. या व्यवस्थेमागे एक शास्त्रीय सत्य आहे. भाषा शिकण्याचा सुपीक काळ आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांतच असतो. त्या वर्षांत मूल तज्ज्ञाच्या सहवासात आठवड्यातून घटका दोन घटका असेल. आईच्या सहवासात ते दिवसभर असते. तेव्हा खरी शिक्षिका तीच.

परंतु येथेच एक निराळा प्रश्न उभा राहतो. मुलाला श्रवणयंत्र मिळाले, त्याला चार शब्द बोलता येऊ लागले, आणि तरीही गावच्या शाळेने त्याला घेतले नाही, तर दोष कोठे आहे? तो कानात खास नाही. चाकाच्या खुर्चीत बसलेला नागरिक तालुक्याच्या कचेरीत सातबाराचा उतारा घेण्यास आला आणि अभिलेखांची खोली दुसऱ्या मजल्यावर निघाली, तर त्याला अडवले कोणी? त्याच्या पायांनी, की जिना बांधणाऱ्या अभियंत्याने? वैद्यकाच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नाही.

१९७६ साली इंग्लंडमधील काही अपंग कार्यकर्त्यांनी हा भेद स्पष्ट शब्दांत मांडला. शरीरातील न्यून ही एक गोष्ट. आणि त्या न्यूनाचा विचार न करता रचलेल्या समाजाने निर्माण केलेली अडचण ही दुसरी. अपंगत्व हे नाव त्यांनी दुसऱ्या गोष्टीला दिले. माइक ऑलिव्हर या स्वतः अपंग असलेल्या समाजशास्त्रज्ञाने पुढे या विचाराला सिद्धान्ताचे रूप दिले. अमेरिकेत अर्विंग झोला यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याच सुमारास या विषयाची परिषद आणि नियतकालिक उभे केले, आणि १९९८ साली शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात अपंगत्व-अध्ययनाची डॉक्टरेटही सुरू झाली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात या विषयासाठी स्वतंत्र केंद्र निर्माण केले.

हा सामाजिक दृष्टिकोन सर्वस्वी पुरेसा आहे, असे मात्र नव्हे. वेदना, थकवा, ढासळत जाणारी दृष्टी ही दुःखे उतरंड बांधून नाहीशी होत नाहीत. म्हणून वैद्यकाला हद्दपार करणे हा या विद्येचा हेतू नाही, नसावा. वैद्यकाने दिलेले उत्तर जेथे संपते तेथून पुढचा प्रश्न विचारणे, हे तिचे काम आहे.

हा पुढचा प्रश्न विचारू लागताच एकामागून एक शास्त्रांची दारे उघडतात. लोकसंख्याशास्त्राचे उदाहरण घ्यावे. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २ कोटी ६८ लक्ष अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. म्हणजे शेकडा सव्वादोन देखील नव्हेत. त्यांपैकी सुमारे ५० लक्ष व्यक्तींची नोंद श्रवणदोषाखाली होती. ही संख्या माणसांची जितकी आहे, तितकीच ती विचारलेल्या प्रश्नाचीही आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते; २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. एका रात्रीत लोकांची शरीरे पालटली नाहीत; पालटली ती व्याख्या. व्याख्येबाहेर राहिलेल्या माणसाला काय भोगावे लागते, याचा अभ्यास म्हणजे राज्यशास्त्राचा आणि अर्थशास्त्राचा अभ्यास होय.

इतिहासाचेही तसेच. कुष्ठरोग्यांना सक्तीने वेगळे ठेवण्यासाठी १८९८ साली झालेला कायदा स्वतंत्र भारतात २०१६ पर्यंत रद्द व्हावयाचा होता. रोग औषधाने बरा होऊ लागला तरी कायदा बरा होण्यास कित्येक दशके लागली. बाबा आमटे यांनी आनंदवनात शेती आणि उद्योग उभे केले, ते केवळ रुग्णांसाठी नव्हे. हात झडलेला माणूसही उत्पादक असू शकतो, हे समाजाला दाखवण्यासाठी.

साहित्याकडे वळले, तर अष्टावक्राची कथा आहे. जनकाच्या सभेतील विद्वान त्याच्या वाकड्या देहाला हसले, आणि त्याने त्यांना विद्वान मानण्यासच नकार दिला. धृतराष्ट्राचे राज्य ज्येष्ठ असूनही अंधत्वामुळे गेले, आणि त्या निर्णयात महाभारताचे बीज पडले. आपल्या मराठीत तर ‘आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं’ ही म्हण रोजच्या व्यवहारात आहे. म्हण रचणाऱ्याने दळणारीचे श्रम पाहिले नाहीत, फक्त तिची फसगत पाहिली. त्याच मराठीने विदर्भातील गुलाबराव महाराजांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणून गौरवले. शैशवातच दृष्टी गेलेल्या या पुरुषाने अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ रचले. एकाच भाषेत उपहास आणि पूजा दोन्ही सापडतात. सापडत नाही तो साधा बरोबरीचा व्यवहार. ही उणीव शोधणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे.

या विद्येतील सर्वांत तीव्र वाद मात्र म्हैसूरच्या संस्थेच्या मूळ विषयालाच येऊन भिडतो. बहिऱ्या मुलाला बोलावयास शिकवावे, की खुणांची भाषा द्यावी? १८८० साली मिलान येथे भरलेल्या परिषदेने वाचिक पद्धतीच्या बाजूने कौल दिला, आणि त्यानंतर अनेक देशांतील शाळांतून हातांनी बोलण्यास बंदी झाली. ठराव करणाऱ्यांत बहिऱ्या व्यक्ती जवळजवळ नव्हत्याच. १९६० साली विल्यम स्टोकी या अमेरिकन अध्यापकाने दाखवून दिले, की खुणांच्या भाषेलाही स्वतःची रचना असते. ती बोलीची मोडकी नक्कल नव्हे. मिलानच्या ठरावांबद्दल त्या परंपरेतील आंतरराष्ट्रीय परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० साली, व्हँकूव्हर येथे. भारतात सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी दिल्ली येथे २०१५ मध्ये स्वतंत्र केंद्र निघाले, आणि २०२१ पर्यंत त्याच्या कोशात १०,००० शब्द जमले.

या वादात एक बाजू सर्वस्वी खरी आणि दुसरी खोटी, असा निवाडा करणे घाईचे ठरेल. कानातील शेष श्रवणाचा वेळीच उपयोग केल्यास अनेक मुले सुरेख बोलू लागतात. काहींच्या बाबतीत ते घडत नाही, आणि बोलीची वाट पाहता पाहता त्यांची भाषा शिकण्याची वर्षे निघून जातात. मूल कोणत्याही एका भाषेत वेळेवर रुजले पाहिजे; भाषेविना राहता कामा नये. या सूत्रावर दोन्ही पक्ष भेटू शकतात. मात्र हे सूत्र वापरण्यासाठी श्रवणतज्ज्ञाला सांकेतिक भाषेचा आदर हवा आणि सांकेतिक भाषेच्या पुरस्कर्त्याला श्रवणशास्त्राची जाण हवी. एका विद्येत बंदिस्त राहिलेल्या पदवीधराला हे साधणार नाही.

अशा समावेशक दृष्टीच्या अभावी काय घडते, हे २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणाने दाखवले. त्याला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश हवा होता. वाणी आणि भाषा यांविषयीचे त्याचे अपंगत्व ४४-४५ टक्के ठरले. राखीव जागेसाठी किमान ४० टक्के अपंगत्व आवश्यक. आणि नियम असा, की ४० टक्के वा अधिक असल्यास तो अभ्यासक्रमास अपात्र! एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचाच हा प्रकार. न्यायालयाने निर्णय दिला, की केवळ टक्केवारीवरून कोणालाही नाकारता येणार नाही. हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम पुरा करू शकेल की नाही, याचा विचार मंडळाने करावा आणि नकार द्यावयाचा तर कारणे नमूद करावीत. टक्केवारी काढणारा तज्ज्ञ कुशल असेलही. पण आपल्या आकड्याचे पुढे काय होणार आहे, हे त्याला कोणी शिकवले होते काय? एका तरुणाचे आयुष्य त्या आकड्यावर टांगलेले होते.

मग या विषयाचे अध्ययन करून उपजीविका कशी होईल, असा व्यवहारी प्रश्न आईबाप विचारतील, आणि तो अगदी रास्त आहे. २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात किमान ५ टक्के आणि शासकीय नोकरीत किमान ४ टक्के जागा राखल्या आहेत. या तरतुदी अमलात आणणारे प्रशासक, सुगम इमारती बांधणारे वास्तुविशारद, वर्गात सर्वांना सामावून घेणारे शिक्षक, दुभाषी, कायदेपंडित यांची गरज प्रत्येक जिल्ह्यात आहे. त्यांतील कोणालाही या विषयाचा पद्धतशीर परिचय झाला, तर तो वाया जाणार नाही.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. या विद्येचा अभ्यासक कोण असावा? आजवर अपंग माणूस हा अभ्यासाची वस्तू होता. त्याला मोजले गेले, तपासले गेले, वर्णिले गेले. तो स्वतः अध्यासनावर बसेल तेव्हाच या विद्येला पूर्णता येईल. त्यासाठी ग्रंथालयातील पुस्तके ब्रेलमध्ये किंवा ध्वनिरूपात हवीत, व्याख्यानाला सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा, परीक्षेला लेखनिक विनासायास मिळावयास हवा. ज्या विद्यापीठात अपंगत्व हा विषय शिकवला जातो पण अपंग विद्यार्थ्याला पायऱ्या चढता येत नाहीत, तेथे त्या विषयाचे पहिलेच प्रकरण वाचले गेलेले नाही असे समजावे.

म्हैसूरच्या मानसगंगोत्रीत वाणी व श्रवण यांची संस्था आहे. १९६३ साली निघालेले शिक्षक-प्रशिक्षणाचे प्रादेशिक महाविद्यालय आज प्रादेशिक शिक्षण संस्था म्हणून तेथेच आहे. १९६९ साली स्थापन झालेली भारतीय भाषांची केंद्रीय संस्थाही तेथेच आहे. आणि या सर्वांच्या शेजारी विद्यापीठाचे समाजशास्त्र, मानसशास्त्र व साहित्य यांचे विभाग आहेत. या इमारती चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. विद्यांमधील अंतर मात्र पायांनी तोडता येत नाही. त्यासाठी एका विद्येच्या विद्यार्थ्याला दुसरीचे प्रश्न आपले वाटावे लागतात. मुंबई, पुणे, नागपूर येथेही ही सामग्री विखुरलेली आहेच. ती एकत्र आणणारा तरुण पदवीधर जेव्हा निघेल, तेव्हा बहिऱ्या मुलाच्या आईला तज्ज्ञाकडून शाळेकडे, शाळेकडून कचेरीकडे आणि कचेरीकडून पुन्हा तज्ज्ञाकडे खेटे घालावे लागणार नाहीत. या विद्येची कसोटी तीच आहे.