पुढे पाठवण्याआधी



सणासुदीच्या आधी आपल्या गटातल्या बाया साड्या आणायला नागपूरला, गांधीबागेच्या ठोक बाजारात जातात. दुकानदार कितीही वाखाणो, आपण घडी उलगडतो, काठ पाहतो, पोत बोटांनी चाचपतो, चार दुकानांत भाव विचारतो. मगच पैसे मोजतो. मोबाइलवर आलेला मेसेज मात्र न तपासताच गावभर वाटतो.

आम्ही शाळेतल्या मुलामुलींना मोबाइल शिकवायला बसतो, तेव्हा पहिला धडा हाच असतो. बटणं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतात. थांबायचं कुठे, ते शिकवावं लागतं.

का, ते ऐका. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मंगळवेढ्याकडचे पाच जण तिथे भिक्षा मागायला आले होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज तेव्हा मोबाइलवर फिरत होते. जमावाने यांनाच ती टोळी समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारलं. पाचही जण निरपराध होते.

असे मेसेज पाठवणाऱ्यांत आपल्यासारख्या आयाही असतात. लेकरांच्या काळजीपोटीच पाठवतात. म्हणूनच ‘चांगल्यासाठी पाठवलं’ एवढं म्हणून सुटका होत नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणायची ठरवली. पण पाच जणांनी पुन्हा पाच-पाच जणांना पाठवला, की झाले २५. खरी कडी आपल्याच हातात आहे.

मुलांना आम्ही तीन प्रश्न देतो. हे मुळात कोणी सांगितलं? फोटो कुठला, कधीचा? खोटं निघालं तर कोणाच्या जिवावर बेतेल? उत्तर मिळालं नाही, तर पाठवायचं नाही. गावात खरंच संशयास्पद काही दिसलं, तर ११२ वर पोलिसांना कळवायचं. अंगावर धावून जायचं नाही. मैत्रिणीचा फोटोसुद्धा तिला विचारल्याशिवाय कुठे टाकायचा नाही.

आज रात्री जेवणं आटोपली, की लेकराला जवळ घ्या. फोनमध्ये आलेला शेवटचा मेसेज उघडा आणि हे तीन प्रश्न दोघांनी मिळून विचारा. वाचायला अडलं, तर लेकराकडून वाचून घ्या. त्यात कमीपणा कसला?